थेट पेन्शन आणि माझी साठीशांत

मी उभ्या आयुष्यात कुणाला कमिशन दिलेलं नाही, आणि त्यापायी मला जो खर्च आला तो चारचौघांत सांगण्यासारखा नाही. म्हणून लिहून काढतो.

कोपरगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात मी परचेस खात्यात होतो. नटबोल्टपासून चुन्यापर्यंत कारखान्याला जे जे लागायचं ते माझ्या टेबलावरून जायचं, आणि माझ्या टेबलाचा धर्म एकच होता: तीन कोटेशनं. तीन ठिकाणचे भाव मागवायचे, त्यांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि सगळ्यात फायद्याच्या भावाखाली लाल रेघ ओढायची. नोकरी संपली तरी हा धर्म सुटला नाही. घरात मिक्सर घ्यायचा झाला तरी मी तक्ता करतो. माझी बायको सुमन सगळ्यांना सांगत असते की, तिला बघायला आलो त्याच आठवड्यात मी आणखी दोन मुली बघून आलो होतो. (खरं आहे. पण लाल रेघ तिच्याच नावाखाली ओढली, हे मात्र ती कुणाला सांगत नाही.)

निवृत्त झालो तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून एक रक्कम हातात आली. आमच्यासाठी ती पहिली आणि शेवटची. साखर कामगाराला सरकारी नोकरासारखी पेन्शन नसते. जी असते तिच्यात किराणा बसला तर औषधं बसत नाहीत. तेव्हा ही सगळी रक्कम एखाद्या विमा कंपनीला देऊन टाकायची आणि तिच्याकडून जन्मभर दरमहा पेन्शन घ्यायची, असं ठरलं. यात एक मेख असते. पॉलिसी निघाली की निवडलेला पर्याय बदलता येत नाही आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे लग्नासारखंच, फक्त इथं दरमहा काहीतरी हातात पडतं! सुमनचं म्हणाल तर तिला ना नोकरी, ना माहेरची जमीन. तिच्या नावावर एक शिलाई मशीन आणि एक मी, एवढीच मालमत्ता. मी असेपर्यंतचं आणि मी नसतानाचं तिचं सगळं या एका खरेदीवर होतं. आणि खरेदी म्हणजे तर माझ्या डाव्या हातचा मळ.

पहिलं कोटेशन घरातलंच होतं. सुमनच्या मोठ्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान आणि माझे साडू रंगनाथअण्णा, पुणतांब्याला राहतात आणि वर्षानुवर्षं विम्याची एजन्सी करतात. अंगात सफारी, काखेत रेक्झिनची बॅग. अण्णा कुणाच्या घरी रिकाम्या हातानं जात नाहीत (शिर्डीचे पेढे असतात) आणि रिकाम्या हातानं परतही येत नाहीत (चेक असतो). बारशाला गेले तर पाळण्यात वाकून बाळाची जन्मतारीख टिपून घेतात. लग्नात अक्षता पडल्या की फोटोग्राफरच्या आधी स्टेजवर अण्णा. मी निवृत्त होणार हे माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांच्या डायरीत होतं.

“भाऊसाहेब,” ते मला म्हणाले, “कंपनी मोठी, स्कीम झकास. तुमी फकस्त सही करायची. बाकी माझ्याकडं सोडा.”

“आणि तुमचं कमिशन?”

“ते कंपनी देती. तुमच्या खिशातून एक रुपाया जात न्हाई.”

हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं होतं. कारखान्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणारा ठेकेदारही हेच म्हणायचा. कंपनी देते ते कुणाच्या पैशातून देते, असं मी विचारलं, तेव्हा अण्णांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्याकडे सरकवला.

दुसरं कोटेशन बँकेतलं. तिथल्या टाय लावलेल्या पोरानं मला ‘काका’ म्हणून एसीत बसवलं, गार पाणी दिलं, बिस्किटं दिली. आजवर याच बँकेत पासबुक भरून घ्यायला मी तासभर रांगेत उभा राहत आलो होतो. हातात फंडाचे पैसे आल्यावर मात्र मी त्यांचा काका झालो. त्यानं जी स्कीम दाखवली ती अण्णांच्याच कंपनीची, भावही तोच. म्हणजे बँकही दलालच, फक्त थंड हवेतली.

तिसरं कोटेशन पुण्याहून आलं. माझी मुलगी रूपाली फोनवर म्हणाली, “पप्पा, एजंट हवाच कशाला? कंपनीच्या साइटवरून थेट घ्या. मधला माणूस नाही, म्हणून तेवढ्याच पैशात पेन्शन जास्त देतात.”

“तीच कंपनी?”

“तीच कंपनी, तीच स्कीम.”

मी तक्ता केला. अण्णांच्या नावापुढे शेरा लिहिला, ‘पेढ्यांसह’. बँकेपुढे, ‘पाणी, बिस्किट, एसी’. थेटच्या पुढे काहीच नाही, पण आकडा मोठा. महिन्याला एक गॅसची टाकी सुटेल इतका फरक होता. मी लाल रेघ ओढली आणि तक्ता सुमनला दाखवला.

“दाजींना काय सांगनार?” ती म्हणाली.

“सांगायचं कशाला?”

“आपल्या लग्नात तुमच्या घोड्याचा लगाम त्यांनी धरला हुता.”

“मग त्या लगामाचं कमिशन मी जन्मभर देऊ का?”

यावर ती काही बोलली नाही. आमच्याकडे काही न बोलणं याचा अर्थ ‘करा काय करायचं ते, मग बघते’ असा होतो. मी सोयीसाठी त्याचा अर्थ ‘हो’ असा घेतला.

याच सुमारास रूपालीनं माझी साठीशांत करायचं काढलं. माणसाला साठ वर्षं पूर्ण झाली की होम करतात, नवराबायकोला पुन्हा पाटावर बसवतात आणि साठ दिव्यांनी ओवाळतात. पुढचं आयुष्य सुखाचं जावं, दीर्घ जावं, म्हणून हे सगळं. त्या दिवशी घरात कुणी अभद्र शब्द तोंडातून काढत नाही. आमच्याकडे तर एरवीसुद्धा काढत नाहीत. दिवा विझला म्हणत नाहीत, निवला म्हणतात. तांदूळ संपले म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. सुमनची आई तर जाताना कधी ‘जाते’ म्हणाली नाही, ‘येते’च म्हणाली.

शांतीच्या आदल्या आठवड्यात सुमन देवघरासमोर बसून साठ दिव्यांच्या वाती वळत होती आणि मी शेजारी बसून मोबाईलवर कंपनीचा अर्ज भरत होतो. नाव भरलं, जन्मतारीख भरली. मला मोठ्यानं वाचायची सवय आहे. परचेस कमिटीपुढे जन्मभर टेंडरं वाचली की आवाज खाली येत नाही. पुढचा प्रश्न मी त्याच सुरात वाचला: “आपल्या मृत्यूपश्चात आपल्या जोडीदारास पेन्शन देय असावी काय? होय किंवा नाही.”

सुमनच्या हातातली वात थांबली. “काय म्हनला?”

“मी नाही. कंपनी विचारतेय.”

“मी साठीच्या वाती वळायला घेतल्यात, आन् तुमी देवापुढं बसून हे वाचता?”

“अगं, नुसतं हो म्हणायचं आहे.”

“त्याला हो म्हनायचं? न्हाई म्हना.”

“पण त्याचा अर्थ असा होतो की...”

“मला अर्थ नको. न्हाई म्हना म्हनते ना.” आणि माझ्या हातून मोबाईल ओढून तिनं तुपाचं बोट ‘नाही’वर दाबलं.

स्क्रीनवरचा पेन्शनचा आकडा टुणकन वर गेला.

“बघा,” सुमन म्हणाली, “देवानं लगीच वाढवून दिली.”

यात देवाचा काही संबंध नव्हता. माझ्यामागं कुणाला काही द्यायचं नाही म्हटल्यावर कंपनी खूश होणार आणि मला चार पैसे जास्त देणार, हे कुठल्याही कारकुनाला कळेल. मलाही कळलं. त्याच क्षणी मी थांबायला हवं होतं. पण तो आकडा! एका गॅसच्या टाकीच्या जागी आता टाकी, दूध आणि वर्तमानपत्र असं सगळं सुटत होतं. आकडा बघितला आणि माझ्यातला नवरा मागं सरून परचेसवाला पुढं आला. नंतर निवांतपणे सुमनला समजावू आणि पर्याय बदलून घेऊ, असं मी मनाशी म्हटलं. (पर्याय बदलता येत नाही, हे मीच वर लिहिलं आहे.) पैसे पाठवले. कंपनीचा मेसेज आला: पडताळणीसाठी आमचा प्रतिनिधी फोन करेल, त्यानंतर आपली पॉलिसी निघेल. शांतीची तयारी, आमंत्रणं, आचारी या गडबडीत सुमनला निवांतपणे समजावायला निवांतपणाच सापडला नाही.

शांतीचा दिवस उजाडला. सकाळी पहिल्यांदा दारात कोण, तर अण्णा आणि अक्का. अण्णांच्या एका हातात पेढे, काखेत बॅग.

“भाऊसाहेब, मुहूर्ताचा दिवस हाय,” अण्णा म्हणाले. “होम उरकला की फॉर्मवर सही करून टाका. मी सगळं भरून आनलंय.”

मी हसलो आणि घाईघाईनं पाटावर जाऊन बसलो. पाटावर बसलेल्या यजमानाला कुणी उठवत नाही, ही आपल्या धर्मातली फार मोठी सोय आहे. अण्णा बॅग मांडीवर घेऊन समोरच्या खुर्चीत बसले. होम संपत आला तसा मी गुरुजींना हळूच म्हणालो, “अजून एखादं सूक्त राहिलं असेल तर म्हणून घ्या.” गुरुजींना असा यजमान कधी भेटला नव्हता. त्यांनी आनंदानं पुढचं काढलं. ते संपत आलं की अण्णा बॅगेची चेन उघडायचे, आणि मी गुरुजींकडे बघायचो. नवग्रह झाले, ते पुन्हा एकदा झाले. आचाऱ्यानं दोनदा येऊन जिलबी गार होतेय म्हणून सांगितलं. गुरुजींचा आवाज बसत चालला होता आणि त्यांची दक्षिणा वाढत चालली होती.

शेवटी साठ दिव्यांचं ताट आलं. सगळे पाहुणे हातात अक्षता घेऊन भोवती उभे राहिले, अक्का ओवाळायला पुढं झाली आणि माझा मोबाईल वाजला. माझे हात तुपानं भरलेले. रूपालीनं फोन उचलला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला.

“नमस्कार. भाऊसाहेब सर बोलत आहेत का?” एक मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली. “आपल्या पेन्शन पॉलिसीच्या पडताळणीसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे. सर, आपण ही पॉलिसी कोणत्याही एजंटशिवाय, थेट कंपनीकडून घेतली आहे. बरोबर?”

अण्णांनी बॅगेची चेन लावली. त्या चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

“हो,” मी म्हणालो.

“धन्यवाद सर. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीला कोणतीही पेन्शन मिळणार नाही, हे आपल्याला मान्य आहे का?”

गुरुजी ‘शतायुषी भव’ म्हणायला तोंड उघडून तसेच राहिले. अक्काच्या हातातलं ताट हवेत थांबलं. मागच्या रांगेतल्या एक-दोन पाहुण्यांना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी मंत्र संपला असं समजून माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या.

“सर, आपला आवाज आला नाही, म्हणून पुन्हा विचारते. आपल्या मृत्यूनंतर...”

“रूपाली, बंद कर ते,” मी म्हणालो.

“सर, नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय. पुन्हा विचारते. आपल्या मृत्यूनंतर...”

एवढ्या वेळात फोनमधल्या त्या मुलीनं मला तीनदा मारलं होतं, तेही दिवे पेटलेले असताना. सुमन पाटावरून माझ्याकडे वळली. तिचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला.

“मला कायबी न्हाई?” ती म्हणाली. “तुमच्यामागं मला कायबी ठेवलं न्हाई?”

“अगं, तूच बोट दाबलंस.”

“मी तुमच्या मरनाला न्हाई म्हनले हुते. पेन्शनीला कुठं न्हाई म्हनले?”

मरण हा शब्द तिच्या तोंडून निघाला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. अक्का ताट कुणाच्या तरी हातात देऊन पदर खोचून पुढं आली. “माझ्या बहिनीला वाऱ्यावर सोडलं का हो, चार पैशासाठी?” पाहुण्यांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, भाऊसाहेबानं बायकोला फसवलं. दुसऱ्या तटाचं म्हणणं, भाऊसाहेबाला इंटरनेटनं फसवलं. माझ्या बाजूचा तट कुठंच दिसत नव्हता. तुलनात्मक तक्ता आणून दाखवावा असं एकदा मनात आलं, पण पेढ्यांचा शेरा आठवून गप्प बसलो.

“पॉलिसी आजच निघणार आहे सर,” फोनमधली मुलगी म्हणाली. “पर्याय बदलायचा असल्यास आत्ता याच कॉलवर बदलता येईल. नंतर येणार नाही.”

“बदलायचा आहे,” मी ओरडलोच. “बायकोला मिळू द्या. सगळी मिळू द्या.”

“ठीक आहे सर. त्यासाठी मॅडमची संमती त्यांच्या आवाजात लागेल. ‘माझ्या पतीच्या मृत्यूनंतर मला पेन्शन हवी आहे’ असं त्यांनी स्पष्ट म्हणावं.”

सगळ्यांनी सुमनकडे पाहिलं. ती हिरवा शालू नेसून, कपाळाला मळवट भरून, साठ दिव्यांच्या उजेडात माझ्या शेजारी बसली होती.

“मी मेले तरी असं म्हननार न्हाई,” ती म्हणाली.

“अगं, एकच वाक्य आहे.”

“मला पेन्शन नको. मी कपडे शिवून पोट भरीन. पर आजच्या दिवशी हे माझ्या तोंडून निघायचं न्हाई.”

आणि मला माहीत होतं की ती खरंच म्हणणार नाही. जन्मभर मी हिला हट्टी म्हणत आलो, पण त्या वेळी तिच्या हट्टाची मला फार भीती वाटली. ही बाई माझ्या आयुष्याला एका शब्दाचीही दृष्ट लागू देणार नव्हती, आणि त्यासाठी स्वतःच्या म्हातारपणाची सगळी भाकरी सोडायला तयार होती. गॅसची टाकी, दूध, वर्तमानपत्र सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं आणि मला माझी लाज वाटली.

“मॅडम, आपण लाइनवर आहात का?” मुलगी विचारत होती.

तेव्हा अण्णा उठले. ते माझ्याकडे बघत नव्हते. (पुढं महिनाभर बघणार नव्हते, पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.) त्यांनी खुर्ची ओढली, सुमनच्या समोर बसले आणि अगदी गावच्या गप्पा मारायला आल्यासारखे बोलायला लागले.

“सुमन, समज, भाऊसाहेब गावाला गेले.”

“कुठल्या गावाला?”

“लांबच्या. लई दिस लागत्यात तिकडं.”

सुमननं डोळे पुसले. “जातील की. ह्यांना हौसच हाय.”

“मग घरखर्चाचं काय करशील?”

“गावाला जाताना पैसे ठेवून जातील की. न ठेवता कसे जातील?”

“तेच म्हनतो मी. दर महिन्याला ठेवलेले पाहिजेत का न्हाई?”

“पाहिजेत. लागतातच की.”

“ऐकलं का बाई?” अण्णा फोनकडे तोंड करून म्हणाले. “झाली संमती.”

“सर, आपण कोण?”

“मी त्यांचा साडू.”

“सॉरी सर, पण मॅडमना ‘पतीच्या मृत्यूनंतर’ असंच म्हणावं लागेल. तशी पद्धत आहे.”

“बाई, तुमी कुठल्या?” अण्णांनी विचारलं.

“मी पुण्यातून बोलतेय सर.”

“तसं न्हाई. गाव कोनतं?”

“...वैजापूर.”

“म्हंजे इथलंच की, गोदावरीच्या पलीकडचं. आई हाय ना घरी? आज तुमच्या वडलांची साठीशांत हाय, दिवे पेटवल्यात, आन् तुमची आई शालू नेसून पाटावर बसलीय. तिला हे वाक्य म्हनायला लावाल का?”

होमातलं एक लाकूड तडतडलं. गुरुजींचं तोंड अजून मिटलं नव्हतं.

“नाही हो काका,” ती मुलगी म्हणाली, आणि तिचा तो गोड आवाज एकदम घरचा झाला. “आमची आई तर फोनच फेकून देईल. मॅडमनी ‘पाहिजेत’ म्हटलंय ते घेते मी. मॅडम, दर महिन्याला पाहिजेत ना?”

“पाहिजेत गं बाई,” सुमन म्हणाली. “तूबी जेवायला ये.”

अशा रीतीनं माझी पॉलिसी बदलली. आकडा जितका टुणकन वर गेला होता तितकाच खाली आला. अक्कानं ओवाळलं, गुरुजींनी राहिलेलं ‘भव’ म्हणून टाकलं आणि दोन्ही तटांनी जिलबी खाल्ली.

आपण इथं थांबलो तर कमिशन घेणारा माणूस मनानं किती मोठा असतो अशी गोष्ट होईल. पण अण्णा माणूस आहेत आणि त्यातून साडू आहेत. ते जेवायला बसलेच नाहीत. ओसरीवर बॅग उशाला घेऊन आडवे झाले आणि छताकडे बघत म्हणाले, “कमिशनचं काय न्हाई हो. पर साडूला न इचारता?” मी बोलावलं, उठले नाहीत. रूपालीनं बोलावलं, उठले नाहीत. मग सुमन ओसरीवर गेली आणि तिनं मला आतूनच ऐकू येईल अशा आवाजात दाजींचा मानपान जाहीर केला: पूर्ण पोशाख, फेटा, आणि अक्काला पैठणी.

येवला आमच्यापासून फार जवळ आहे, हे मला त्या दिवसापर्यंत कधी टोचलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी दोघी बहिणी एसटीनं जाऊन पैठणी घेऊन आल्या. ‘तीन दुकानांत भाव विचारा,’ असं मी बोललो होतो. त्यांनी तीन दुकानं पाहिली आणि सगळ्यात महागडीखाली रेघ ओढली. बिल हातात पडल्यावर मी सवयीनं हिशोब केला. अण्णांकडून पॉलिसी घेतली असती तर पुढच्या काही वर्षांत जेवढं कमी मिळालं असतं ते सगळं त्या पैठणीच्या पदरात गेलं होतं, आणि फेट्याचे पैसे वर. गुरुजींनी जास्तीच्या सूक्तांचे वेगळे घेतलेच.

महिनाभरानं अण्णा पुन्हा आमच्याकडे आले. पेढे होते, म्हणजे राग निवला होता. पहिली पेन्शन खात्यात जमा झाली होती. सुमननं अण्णांना पाणी दिलं आणि समोर बसली.

“दाजी, एक इचारू? हे झालं ह्यांचं. मी आधी गावाला गेले तर?”

“तर काय? भाऊसाहेबांची पेन्शन चालूच राहती. एक रुपायानं कमी होत न्हाई.”

“पैशाचं न्हाई म्हनत मी,” सुमन म्हणाली. “ह्यांना साधा चहा करता येत न्हाई. त्याला काय स्कीम हाय का?”

अण्णांनी बॅग उघडली. आत बघितलं, हातानं थोडं चाळलं आणि पुन्हा बंद केली. “त्याला कुठल्याच कंपनीत न्हाई,” ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमच्या घरी काही विकायचा प्रयत्न न करता गेले.

मी रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होतो. सगळ्या जगाच्या भावांचे तक्ते केले, पण हिच्या नसण्याचा भाव कधी मनात आला नव्हता. सकाळी तिच्या आधी उठलो आणि चहाला लागलो. कुणाला विचारलं नाही, मोबाईलवर बघितलं नाही. मध्ये कुणी नको, थेट करायचं. पहिल्या दिवशी दूध उतू गेलं. पुढच्या आठवड्यात दोन पातेली जळाली. (हे चार्जेस कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसतात.) सुमन रोज उठून ओटा पुसायची आणि स्वतःचा चहा करून घ्यायची.

शेवटी एक दिवस जमला. रंग आला, वास आला, उकळीही आली. मी बशीत कप ठेवून तो तिच्यापुढे नेला आणि परचेस कमिटीपुढे उभा राहायचो तसा उभा राहिलो. तिनं एक घोट घेतला. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग कप हळूच खाली ठेवला.

“कसा झालाय?” मी विचारलं.

“अजून धा वर्सं तरी,” ती म्हणाली, “मला कुठं गावाला जाता यायचं न्हाई.”